बॅगेची चाके : चार, दोन आणि पुन्हा चार

माणूस चंद्रावर आधी उतरला की प्रवासी बॅगेला चाके आधी लागली? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुले हसतील आणि बॅगेच्या बाजूने मत देतील. चाकाचा शोध किमान पाच हजार वर्षांपूर्वीचा. बॅग ही तर अगदी साधी वस्तू. या दोहोंना एकत्र आणायला अग्निबाण थोडाच लागतो? पण तारखा वेगळेच सांगतात. अपोलो-११ चंद्रावर उतरले ते जुलै १९६९ मध्ये. चाकांच्या बॅगेचे जे पेटंट आज सर्वांत प्रसिद्ध आहे, ते अमेरिकेत मंजूर झाले ४ एप्रिल १९७२ रोजी.

ही नुसती गंमत नाही. एखादी कल्पना सुचणे आणि ती समाजात रुजणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आज दुकानात उभे राहून आपण ‘दोन चाकांची घ्यावी की चार चाकांची?’ असा विचार करतो, तेव्हा नकळत याच इतिहासाच्या शेवटच्या पानावर उभे असतो.

विमानतळावरचे निरीक्षण

बर्नार्ड सॅडो हे अमेरिकेतील एका बॅगा बनवणाऱ्या कंपनीचे अधिकारी. १९७० मध्ये ते कुटुंबासह कॅरिबियन समुद्रातील अरुबा बेटावर सुट्टी घालवून परतत होते. दोन्ही हातांत जड बॅगा होत्या. सीमाशुल्क तपासणीच्या रांगेत असताना त्यांना एक कामगार दिसला. तो एक अवजड यंत्र चाके लावलेल्या फळीवरून सहज ढकलत नेत होता. बॅगेला हवे आहे ते हेच, असे सॅडोंना वाटले.

कारखान्यात परतल्यावर त्यांनी एका मोठ्या बॅगेच्या तळाला चार छोटी चाके बसवली, पुढच्या टोकाला पट्टा बांधला आणि बॅग ओढून पाहिली. बॅग चालली! ही चाके काही नवी नव्हती. पलंग, कपाटे, पियानो यांना फिरती चाके फार पूर्वीपासून लावली जात. डेव्हिड फिशर या अमेरिकी संशोधकाने फर्निचरच्या अशा चाकांचे पेटंट १८७६ मध्येच घेतले होते. म्हणजे बॅग होती, चाक होते, दोन्ही एकाच घरात होते. तरी त्यांची गाठ पडायला जवळपास शंभर वर्षे जावी लागली.

अर्थात ‘कोणालाच सुचले नव्हते’ असेही नाही. सॅडोंच्या आधीही बॅगेला चाके जोडण्याचे प्रयत्न झाले होते आणि बॅगेला पट्ट्याने बांधायची सुटी चाके विकलीही जात होती. पण त्यांचा प्रसार झाला नाही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे : कल्पना असूनही ती रुजली का नाही?

हमाल असताना चाक कशाला?

याचे एक उत्तर सॅडोंच्या पेटंटच्या मजकुरातच आहे. पूर्वी सामान हमाल वाहत आणि ते रस्त्यालगत सोयीच्या जागी चढवले-उतरवले जाई. आता मोठमोठ्या विमानतळांमुळे सामान नेणे ही प्रवाशाची सर्वांत मोठी अडचण झाली आहे, असा त्याचा आशय आहे. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान प्रवासी सेवेत आले. विमाने मोठी झाली तसे विमानतळ पसरले आणि दरवाजापासून विमानापर्यंतचे चालणे वाढले. शिवाय विमानतळांना सिमेंटची, फरशीची गुळगुळीत जमीन मिळाली होती. चाकाला नुसता आस पुरत नाही, रस्ताही लागतो.

दुसरे उत्तर माणसांच्या समजुतीत आहे. सॅडोंनी न्यूयॉर्कच्या एकामागून एक दुकानांत ही बॅग दाखवली आणि सगळीकडे नकार मिळाला. ‘पुरुष बॅग उचलतात, ओढत नाहीत’ अशी तेव्हाची समजूत होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. बाईबरोबर तिचे सामान उचलणारा कोणीतरी पुरुष असणारच, हेही गृहीत होते. अखेर मेसीज या मोठ्या दुकानाने ही बॅग विकायला घेतली आणि हळूहळू ती खपू लागली. स्त्रिया नोकरीनिमित्त एकट्याने प्रवास करू लागल्या तसतसे ते गृहीतक ढासळले. स्वीडिश लेखिका कात्रीन मार्सल यांनी २०२१ मधील आपल्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला आहे : चाकांना अडवले ते तंत्राने नव्हे, तर पुरुषार्थाच्या कल्पनेने.

वैमानिकाची बॅग

सॅडोंच्या बॅगेत एक दोष होता. ती आपल्या अरुंद कडेवर उभी राहून चाले आणि पट्ट्याने फक्त ओढता येई. पट्टा बॅगेला सावरू शकत नाही. वळण आले की बॅग डगमगे आणि आडवी होई.

यावर तोड काढली रॉबर्ट प्लाथ यांनी. ते नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक, बोइंग ७४७ चालवणारे. १९८७ मध्ये त्यांनी बॅग उभी केली, चारऐवजी दोनच चाके खालच्या मागील कडेला बसवली आणि पट्ट्याऐवजी आत-बाहेर सरकणारा ताठ दांडा लावला. आता बॅग तिरकी करून मागून ओढता येऊ लागली. आधी त्यांनी या बॅगा सहकारी वैमानिकांना आणि हवाई सुंदरींना विकल्या. गणवेशातील कर्मचारी लगबगीने बॅग ओढत जाताना प्रवाशांनी पाहिले आणि मागणी वाढली. १९९१ मध्ये प्लाथ यांना पेटंट मिळाले. उड्डाण सोडून त्यांनी बॅगांची कंपनीच काढली. पाहणाऱ्यांना आता चाकांची बॅग दुबळ्याची खूण वाटत नव्हती. ती कामाच्या माणसाची खूण झाली होती.

तरफेचा हिशेब

चारची दोन चाके केल्याने बॅग सुधारली कशी? उत्तर आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. तिरकी केलेली बॅग ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. चाक हा टेकू, मध्ये भार आणि टोकाला हाताचे बल, अडकित्त्यासारखेच.

एक बॅग घेऊ. वजन ७ किलो, उंची ५५ सेंमी, जाडी २२ सेंमी, सामान सारखे भरलेले. दांडा पूर्ण काढल्यावर मूठ चाकापासून १०० सेंमीवर येते. गुरुत्वमध्य बॅगेच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे सुमारे २७ सेंमीवर. जाडीचा विचार सोडला तर हातावर ७ च्या २७ शतांश, म्हणजे सुमारे १.९ किलो भार येईल. पण चाके मागच्या कडेला असतात. त्यामुळे बॅग आपल्याकडे ४५ अंशांत कलली की गुरुत्वमध्य चाकाच्या जवळजवळ माथ्यावर येतो. तेव्हा तो आडव्या रेषेत चाकापासून फक्त ११ सेंमी दूर असतो आणि मूठ ७१ सेंमी. आता हातावर उरतो सुमारे १.१ किलो भार. उरलेला सगळा चाकांवर. जड पुस्तके तळाशी भरली तर हाही भार आणखी कमी होतो.

मुलांकडून हे करून घेता येईल. मुठीला ताणकाटा अडकवावा, बॅग वेगवेगळ्या कोनांत धरावी आणि नोंदी घ्याव्यात. मग पुस्तके वरच्या बाजूला भरून पुन्हा मोजावे. आलेख आपोआप बोलू लागतो.

पुन्हा चार

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चार चाके परत आली, पण नव्या रूपात. या वेळी बॅग उभीच राहिली, ताठ दांडाही राहिला आणि चारही चाके स्वतःभोवती फिरू लागली. या चाकाचा आस त्याच्या उभ्या खिळ्याच्या थोडा बाजूला असतो. त्यामुळे बॅग ज्या दिशेला ढकलावी, त्या दिशेला चाक आपोआप वळते. हातावर भार शून्य. सॅडोंच्या बॅगेचा डगमगण्याचा दोष ताठ दांड्याने दूर केला.

मग दोन चाके मागे का पडली नाहीत? पुन्हा हिशेब करू. उभ्या बॅगेच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २० सेंमी अंतर असते आणि आपण ढकलतो १०० सेंमी उंचीवरून. पुढची चाके फरशीच्या फटीत अडकली तर बॅग उलटायला वजनाच्या अवघ्या दहाव्या हिश्श्याचा जोर पुरतो; ७ किलोच्या बॅगेला ७०० ग्रॅमचा! चाक अडथळा ओलांडण्याआधीच बॅग पुढे कलंडते. दोन चाकांची बॅग मात्र मागून ओढली जाते आणि हाताने धरलेली असते. ती अडली तर किंचित उचलून पुढे नेता येते. शिवाय चार चाकांची बॅग उतारावर किंवा चालत्या बसमध्ये आपली आपण निघून जाते. दोन चाकांची सोडली की तळाच्या पायांवर उभी राहते.

मग कोणती घ्यावी?

विमानतळ, मॉल, रुग्णालय अशा गुळगुळीत जमिनीवर चार चाके. मनगट किंवा खांदा दुखत असेल तर हमखास चारच. खडबडीत फलाट, पेव्हर ब्लॉकचे पदपथ, एसटी स्थानकाचे आवार असेल तर दोन. विमानात सोबत न्यायच्या बॅगेच्या मापात चाकांची उंचीही धरली जाते, हेही ध्यानात ठेवावे. चार चाके बॅगेच्या खाली बाहेर येतात, तर दोन चाके बहुधा कोपऱ्यात दडवलेली असतात. म्हणून तेवढ्याच बाहेरच्या मापात दोन चाकांच्या बॅगेत थोडे अधिक सामान मावते.

या गोष्टीची एक बाजू मात्र दुकानात दिसत नाही. चाकाने प्रवाशाचे ओझे हलके केले, पण ते ओझे हेच ज्याचे पोट होते, त्याचे काय? २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभू यांनी स्थानकांवरील हमालांना यापुढे ‘सहायक’ म्हणावे, असे जाहीर केले. नाव बदलले, पण फलाटावरून चाकांच्या बॅगा घरंगळत जातच राहिल्या. महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा केला तो १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. यंत्राने श्रम वाचवले की वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला आणि तोटा कोणाला, हा प्रश्न विज्ञानाच्या तासालाही विचारायला हवा. मुलांना त्यांच्या गावच्या स्थानकावर किंवा बाजारात ओझी वाहणाऱ्या एखाद्या माणसाशी बोलून यायला सांगावे. तरफेच्या नोंदींशेजारी त्या माणसाच्या बोलण्याच्याही नोंदी वहीत असाव्यात.