सेतूच्या वाटेवरचे गाठोडे

समुद्रकिनारी जाण्याची तयारी हा आज सुट्टीचा विषय झाला आहे. दोनशे वर्षांपूर्वी देशावरचा माणूस दक्षिण समुद्राच्या दिशेने निघे तो सेतुस्नानासाठी, आणि त्याने बांधलेल्या गाठोड्यात विरंगुळ्याला जागा नसे. तरीही प्रत्येक काळातल्या प्रवाशाला पडणारा प्रश्न त्यालाही पडत असे : बरोबर काय घ्यावे, आणि कशासाठी वाटेवर विसंबून राहावे? ओझ्यावरून माणसाच्या घराची जेवढी कल्पना येते, तेवढीच त्याच्या वाटेचीही येते. रामेश्वराला जाणाऱ्यांची एक मोठी वाट तंजावरच्या मराठी राज्यातून जात होती. त्या राज्याने यात्रेकरूचे ओझे कसे हलके केले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

या यात्रेतल्या दोन वस्तू परंपरेनेच ठरवून दिलेल्या होत्या. काशीहून गंगेचे पाणी आणून रामेश्वराच्या लिंगावर घालायचे. सेतूची वाळू घेऊन ती प्रयागला वा काशीला गंगेत विसर्जित करायची. पाणी दक्षिणेला जाई आणि वाळू उत्तरेला. पर्वकाळ नसता समुद्राला स्पर्श करू नये, असे धर्मशास्त्र सांगते. सेतूवर मात्र हा निर्बंध नाही. मराठी मनाला या पाण्याचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरात सांगितली जाते. शेकडो कोस खांद्यावरून वाहून आणलेली कावड म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच त्या कथेचा अर्थ पोचतो. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनीही घरी परतताना गंगेची कावड आणल्याचे ‘माझा प्रवास’ वाचणारे जाणतात.

ही पवित्र वस्तू सोडली तर बाकीचे सामान पोटाचे आणि अंगाचे. पाठीवर वळकटी, खांद्यावर पडशी. एखाददुसरे जादा धोतर वा लुगडे, पंचा, विहिरीचे पाणी काढण्यासाठी तांब्या आणि दोरी, संध्येची पळी-पंचपात्री. वाटखर्चीचा कसा कमरेला. शिदोरीला भाजलेले पीठ, पोहे, गूळ, मीठ. हे सामान पुरे दिवसांचे, आणि वाट महिन्यांची. दुखणे आले, बाळंतपण आले, बरोबरचे माणूस वाटेत गेले, तर त्याची तरतूद कोणत्याच गाठोड्यात मावणारी नव्हती. यात्रेला निघणारा घरच्यांचा निरोप कायमचा निरोप समजून घेत असे, तो याच कारणाने.

असा यात्रेकरू कावेरीच्या उत्तर तीराने येई तेव्हा त्याला तिरुवैयारु लागे. नावाचा अर्थच पाच नद्यांचे पवित्र स्थान. संस्कृतात ते पंचनद क्षेत्र झाले आणि तिथला शिव पंचनदीश्वर. येथून तंजावर जेमतेम तीन-साडेतीन कोस. पण मध्ये कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु असे पाच प्रवाह. पावसाळ्यात गाठोडे डोक्यावर घेऊन हे पाच प्रवाह ओलांडणाऱ्याला क्षेत्राच्या नावाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कावेरीच्या काठी घाट आणि महाल बांधून मराठी राजांनी या गावाला आपलेसे केले होते. याच गावात, उंच्छवृत्तीवर राहणाऱ्या त्यागराजांनी राजाश्रय नाकारला, अशी परंपरा आहे. १८४७ साली ते येथेच समाधिस्थ झाले. शिदोरी उद्यासाठी ठेवायचीच नाही, असा त्यांचा नेम. आणि त्यांच्या दारावरून जाणारे बहुतेक लोक उद्याच्या शिदोरीच्या काळजीत.

ती काळजी वाहणारी संस्था म्हणजे छत्र. तंजावरहून दक्षिणेला आणि मग समुद्राच्या कडेकडेने रामनाडच्या हद्दीपर्यंत छत्रांची एक माळच उभी राहिली होती. नीडामंगलम येथे यमुनांबाछत्र, ओरत्तनाडु येथे मुक्तांबाछत्र, पुढे किनाऱ्यावर राजामडम, मणमेलकुडी, मीमिसल. त्यांतली बरीच राजघराण्याशी निगडित स्त्रियांच्या नावांनी ओळखली जात. सेतुबावाछत्र हे गाव तर आजही मराठी नाव सांभाळून पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी उभे आहे.

या छत्रांत काय मिळे, हे दुसरे सरफोजी राजे यांनी १८०१ साली तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पाठवलेल्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, अतीत आणि फकीर यांसह सर्वांना शिजवलेला भात. जे तो खात नाहीत त्यांना कोरा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास यावे, अशी हाक. वेदांचे अध्यापक, पंतोजी, आणि दुखणी, सूज व सर्पादिकांचे विष उतरवणारा वैद्य. आजाऱ्याला चालण्याइतकी शक्ती येईपर्यंत आसरा; बाळंतिणीला प्रसूतीनंतर तीन महिने राहण्याची मुभा; अर्भकांना दूध; वाटेत आईबाप गेलेल्या परक्या मुलांचे संगोपन आणि शिक्षण; मरण पावलेल्याचे त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यसंस्कार. गाठोड्यात जे मावत नव्हते नेमके त्याचीच ही यादी आहे.

हे पत्र ज्या वेळी लिहिले गेले, ती वेळ ध्यानात घेतली पाहिजे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे तंजावरचा किल्ला आणि भोवतीचा थोडा भाग एवढेच उरले होते. सैन्य नाही, महसुलावर हुकूम नाही, अशा स्थितीत छत्रे आपल्या देखरेखीखाली राहावीत असा आग्रह सरफोजींनी धरला. त्यामागे धर्मबुद्धी होती, तशी राजधर्माची जाणीवही होती. वाटसरूला जेवू घालण्याचा अधिकार गेला, तर राजा म्हणवून घेण्यासारखे काही उरणार नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

स्वतः राजे यात्रेला निघाले तेव्हाचे चित्र अर्थातच निराळे. १८२० ते १८२२ या काळातल्या त्यांच्या काशीयात्रेत सुमारे ३००० माणसे होती. एक लहानसे गावच चालू लागले म्हणावे. या यात्रेवर मराठीत ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. परतीच्या सामानात तीर्थाबरोबर काशीत मिळवलेल्या पोथ्याही होत्या. त्या आज तंजावरच्या सरस्वती महालाचे भूषण आहेत. सामान्य यात्रेकरूने सेतूची वाळू उत्तरेला न्यावी आणि राजाने उत्तरेची विद्या दक्षिणेला आणावी, अशी ही देवघेव होती.

१८५५ साली वारस नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केले. छत्रांचे उत्पन्न सरकारी व्यवस्थेखाली गेले. तिरुवैयारु येथे १८८१ साली सुरू झालेली संस्कृत पाठशाळा याच छत्रनिधीवर वाढली आणि पुढे ‘राजांचे महाविद्यालय’ म्हणून नावारूपाला आली. रेल्वे आल्यावर महिन्यांची वाट दिवसांवर आली. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि गाठोडे होडीत ठेवून सामुद्रधुनी ओलांडण्याचे कारण राहिले नाही. १९६४ च्या डिसेंबरातील चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले. तिथल्या वाळूत आता पडक्या भिंती उभ्या आहेत आणि लोक त्या पाहायला येतात.

काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची रीत मराठी घरांत अजून आहे. गंगेचा गडू फोडून तीर्थ वाटले जाते, चार पाने वाढली जातात. आपण सुखरूप आलो ते वाटेवरच्या अनोळखी हातांमुळे, ही कबुली त्या पंगतीत आहे. तिरुवैयारुच्या घाटावर गाठोडे टेकून पलीकडच्या चार नद्यांचा अंदाज घेणाऱ्या यात्रेकरूला ते हात ठाऊक होते. पुढच्या मुक्कामी भात शिजत असेल, या भरवशावरच त्याने शिदोरीतले पीठ कमी करून गंगेच्या पाण्याला जागा केलेली होती.