घनतेवरून धातूचे वस्तुमान

धातूच्या तुकड्याचे घनफळ ठाऊक असता, तो तराजूत न घालताही त्याचे वस्तुमान काढण्याची रीत. घनफळाला त्या धातूच्या घनतेने गुणिले की वस्तुमान मिळते. सामान्य तापमानास दर घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये ही घनता ॲल्युमिनियमची २.७०, लोखंडाची ७.८७, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४ व सोन्याची १९.३ अशी धरतात. हेच आकडे दर घन डेसिमीटरला किलोग्रॅम म्हणूनही जसेच्या तसे चालत असल्यामुळे, सर्व मापे आरंभीच डेसिमीटरमध्ये मांडणारा हिशेबनीस शून्यांच्या घोटाळ्यातून सुटतो. २५ डेसिमीटर लांब, १२.५ डेसिमीटर रुंद व ०.०३ डेसिमीटर जाड अशा पोलादी पत्र्याचे घनफळ ९.३७५ घन डेसिमीटर भरते. पोलादाची घनता ७.८५ धरता तो सुमारे ७३.६ किलोग्रॅमचा ठरतो.

बांधकामावर या रीतीला जे रूप आले आहे, ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गाला १६२ ने भागले, की एक मीटर सळईचे किलोग्रॅममधील वस्तुमान येते, हा आडाखा मुकादमापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. परंतु तो १६२ कोठून आला याची चौकशी क्वचितच होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासवर्गाच्या ०.७८५४ पट असते. त्याला मीटरभर लांबीने व पोलादाच्या घनतेने गुणून एकके जुळविली असता ०.००६१६५ हा गुणक हाती येतो, व १६२ हा त्याचाच व्यस्तांक होय. अर्थात १२ मिलिमीटर सळई मीटरला ०.८८९ किलोग्रॅम, आणि १२ मीटरांची अखंड सळई १०.६७ किलोग्रॅम भरते. घनता या अंकाच्या पोटात दडलेली असल्याने तो पोलादापुरताच खरा आहे. तांब्याच्या सळईस त्याजागी १४२ घ्यावा लागतो. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे मोजणीतील चूकही दुपटीने वाढते: १२ ऐवजी ११.८ मिलिमीटर भरलेली गुळगुळीत सळई वजनाला सव्वातीन टक्क्यांहून अधिक उणी असते, आणि मापवहीत केवळ नाममात्र व्यास दाखल करून देयक मंजूर करणाऱ्याने ही तफावत अवश्य जाणून असावे. पीळदार वा धारा असलेल्या सळईचा व्यास कॅलिपरने नेमका मिळत नाही. म्हणून तेवढ्याच वजनाच्या गुळगुळीत सळईचा व्यास हाच तिचा नाममात्र व्यास मानतात.

मिश्रधातूंची घनता घटकांच्या प्रमाणानुसार बदलते, बिडाची तर पोलादाहून स्पष्टच कमी, ७.२ च्या आसपास, असते. शिवाय ओतकामात आत राहिलेली पोकळी बाहेरून घेतलेल्या मापांत दिसत नाही. हीच रीत उलट फिरवून, वस्तुमानाला घनफळाने भागून, धातूची शुद्धता पारखता येते. सोन्यात तांबे वा चांदी मिसळली असल्यास ही परीक्षा ते उघड करते. परंतु टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याच्या अगदी निकट असल्याने, त्याचा गाभा घातलेली लगड केवळ या परीक्षेने ओळखता येत नाही.