पेटी आणि पन्नास रुपये

माळ्यावरून बियाण्याची पोती उतरवताना सुनेला एक पत्र्याची पेटी सापडली. हिरवा रंग पोपडे धरून उडालेला, कडी गंजलेली, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली औषधांची यादी माझ्याच अक्षरात. तिनं विचारलं, "आबा, हे तुमचं?" मी म्हटलं, "माझं कसलं, सरकारचं. परत मागायला कोणी आलं नाही, म्हणून माझं."

सून आमच्या गावची आशा कार्यकर्ती आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या अंगाला आमचं गाव. १९७९ साली मी त्याच गावचा आरोग्य रक्षक झालो. नियम असा होता की गावानं आपला माणूस आपण निवडावा. चावडीसमोर बैठक बसली. सरपंच म्हणाले, मॅट्रिक कोण कोण? आम्ही तिघं निघालो. एकाला एसटीत लागायची आशा होती, दुसऱ्याच्या बापानं "लोकांच्या जखमा पुसायला माझा पोरगा नाही" असं तोंडावर सांगितलं. उरलो मी. गावानं निवडलं म्हणायचं ते एवढंच.

योजना दिल्लीची. २ ऑक्टोबर १९७७ ला, गांधीजयंतीचा मुहूर्त धरून, जनता सरकारचे आरोग्यमंत्री राजनारायण यांनी ती सुरू केली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचं शिक्षण, त्या काळात महिन्याला २०० रुपये विद्यावेतन. शिक्षण संपलं की महिन्याला ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं. त्याआधी दोन वर्षं श्रीवास्तव समितीनं सांगून ठेवलं होतं की डॉक्टर खेड्यात जात नाहीत, तर खेड्यातलाच माणूस तयार करा. चीनचे अनवाणी डॉक्टर तेव्हा जगभर गाजत होते. आपल्याकडे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं सत्तरच्या दशकात निरक्षर बायकांना हेच काम शिकवून दाखवलं होतं. आम्हाला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला ५० रुपये माहीत होते.

पेटीत काय होतं? क्लोरोक्विन, ऍस्पिरिन, सल्फाच्या गोळ्या, खरजेचं मलम, जखमेला लावायचं लाल औषध, कापूस, पट्ट्या. आणि एक लाकडी खोका, काचपट्ट्यांचा. माझं खरं काम त्या काचपट्ट्यांचं. देशात हिवताप साठच्या दशकात एवढा खाली आला होता की वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास उरले होते. सगळ्यांनी हुश्श केलं आणि १९७६ ला आकडा ६४ लाखांवर गेला. डास डीडीटीला पुरून उरले होते, हे एक कारण. दुसरं आमच्या घराघरांत होतं. फवारणीवाले गेले की भिंतीवर पांढरे डाग दिसायचे, आणि बायका सणाच्या आधी त्यावर शेणमातीचा हात फिरवायच्या. श्रावणात कानबाई बसवायची, तर घर सारवायला नको? पावसाळ्यातला डास आणि सारवलेली भिंत, दोन्ही एकाच महिन्यात.

ताप आला की डाव्या हाताचं अनामिकेचं बोट धरायचं. स्पिरिटनं पुसायचं आणि वाळू द्यायचं. ओल्या बोटावर टोचलं तर थेंब पसरतो. एकदाच टोचायचं, घाबरत टोचलं तर दोनदा टोचावं लागतं. काचेच्या एका बाजूला जाड थेंब गोल फिरवायचा, दुसऱ्या बाजूला थेंब ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेनं पुढे ओढायचा, असा की शेवटी तो जिभेच्या टोकासारखा निमुळता झाला पाहिजे. वाळल्यावर त्यावरच पेन्सिलीनं नंबर. मुंग्या आणि माश्या यांच्यापासून सांभाळायचं, कारण त्या रक्त चाटून साफ करतात. पहिल्या महिन्यात माझ्या सात काचा मुंग्यांनी खाल्ल्या. एक म्हातारी रोज विचारायची, "हाऊ रगत कोठे लई जास?" तिची खात्री होती की मी ते शहरात विकतो. आरोग्य केंद्रातून काचेचा निकाल यायला कधी पंधरा दिवस, कधी महिना. तोवर ताप गेलेला असायचा, नाहीतर माणूस.

लोक मला डाक्टर म्हणायचे, त्याची लाज वाटायची. त्याहून लाज सुई देता येत नाही हे सांगताना. दोन गोळ्या देणारा डाक्टर कसला? बाजारच्या गावात सायकलवर फिरणारा एक जण कसलीही सुई टोचून दहा रुपये घ्यायचा, त्याला मान. जुलाबाच्या साथीत मी घरोघर गूळ-मिठाचं पाणी पाजत फिरलो. त्यातली जगलेली पोरं आज बापे झाली आहेत. पण फुकटचं पाणी पाजलं त्याची कोणाला आठवण राहत नाही.

माझ्या आज्याच्या आठवणीत आरोग्याचा सरकारी माणूस म्हणजे एकच, देवी काढणारा. आजा सांगायचा, तो माणूस गावात शिरला की आया पोरांना बाजरीच्या शेतात लपवायच्या. हिंदुस्थानात पहिली देवीची लस टोचली गेली मुंबईत, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या दंडावरून पुढच्या मुलांच्या दंडावर, असं करत लस माणसांतूनच प्रवास करत गेली. पुढे ती वासरांपासून काढू लागले. माझ्या दंडावरचे दोन वण त्याच वाटेनं आलेले. पण हा देवीवाला पगारी होता. सरकारनं त्याला स्वयंसेवक म्हटलं नाही. ती युक्ती नंतरची.

देवीचा शेवट झाला तो आफ्रिकेत. सोमालियातल्या मेर्का गावच्या दवाखान्यात अली माव मालिन नावाचा तेवीस वर्षांचा स्वयंपाकी होता. देवी आलेल्या दोन मुलांच्या गाडीत तो जरा वेळ बसला, वाट दाखवायला. लस दुखेल म्हणून त्यानं टाळली होती. २६ ऑक्टोबर १९७७ ला त्याच्या अंगावर पुरळ उठलं. निसर्गातून देवी झालेला तो जगातला शेवटचा माणूस. म्हणजे आमची योजना सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. तो वाचला. पुढे सोमालियात पोलिओच्या मोहिमेत स्वयंसेवक झाला. घरोघर जाऊन सांगायचा, मी घाबरून लस टाळली, तुम्ही टाळू नका. २०१३ साली त्याच मोहिमेत असताना तो तापानं गेला. ताप कसला, तर हिवताप. हे मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा कात्रण काढून ठेवलं. न भेटलेल्या कोणाच्या मरणाचं मला इतकं कधी लागलं नव्हतं.

आफ्रिकेतही पुढे आमच्यासारखंच झालं. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर १९७८ पासून त्यांनी गावोगावचे आरोग्य कार्यकर्ते तयार केले, आणि दहा वर्षांत, यादवी युद्धात, ती रचना मोडली. आमच्याकडे युद्ध नव्हतं. आमच्याकडे कागद होते. १९७९ ला केंद्रानं अर्धा खर्च राज्यांवर टाकला, १९८१ ला पुन्हा आपल्याकडे घेतला आणि आमचं नाव बदलून ग्राम आरोग्य मार्गदर्शक केलं. नाव मोठं झालं, ५० रुपये ५० च राहिले. एकदा माझं चौदा महिन्यांचं मानधन थकलं. मी आरोग्य केंद्रात विचारायला गेलो तर टेबलामागच्या माणसानं चष्मा न काढता सांगितलं, "मानधन आहे, पगार नाही. मान तर मिळतोय ना?" त्या केंद्राचं नाव मी सांगत नाही. माणूस आता नाही. पेटीतली औषधं त्याआधीच यायची बंद झाली होती. योजना कागदावर पुढे कित्येक वर्षं जिवंत होती. मी मात्र पेटीत कांद्याचं बी ठेवायला लागलो.

नंतर आदिवासी भागात पाडा स्वयंसेवक आले. मग १२ एप्रिल २००५ ला ग्रामीण आरोग्य अभियान आणि त्यातून आशा. इंग्रजीत तिच्या नावात चळवळ करणारी अशा अर्थाचा शब्द आहे; मराठीत तिला स्वयंसेविका केलं. भाषांतर कोणी केलं माहीत नाही, पण त्याला हिशेब चांगला येत होता.

सुनेचं काम माझ्यापेक्षा कितीतरी अवघड. बाळ जन्मलं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. झोळीत घालून काट्याला अडकवून वजन करायचं. ताप बघायचा. छातीवरचं फडकं बाजूला करून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. ही पद्धत गडचिरोलीची. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना हे शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ च्या डिसेंबरात ते जगासमोर आलं. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीही सांगितलं की बाळंतिणीच्या घरी भेटी द्याव्यात. सुनेला या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. एक भेट चुकली, फॉर्मवर सही राहिली, तर गोत्यात. पावसात नाला भरला तर नाला तिचा, भेट सरकारची.

मी तिला सांगितलं, इथिओपियानं २००३ पासून दहावी झालेल्या मुलींना हेच काम वर्षभर शिकवून सरळ पगारावर घेतलं. हे ऐकून सून खूश झाली. मग मी पुढचं सांगितलं, की २०११ नंतर त्या पगारी मुलींच्या हाताखाली त्यांनी गावच्या बायकांची आणखी एक फळी उभी केली, आणि ती बिनपगारी. ती म्हणाली, "म्हणजे पायरी कुठेतरी असतेच." महाराष्ट्रातल्या आशा २०२३-२४ च्या हिवाळ्यात संपावर होत्या, मुंबईला आझाद मैदानावर जाऊन बसल्या. मार्च २०२४ मध्ये राज्यानं महिन्याचा मोबदला ५००० रुपयांनी वाढवला. शब्द पाहा, मोबदला. पगार हा शब्द अजून कागदावर उतरलेला नाही.

परवा मला थंडी वाजून आली. सुनेनं माझं डाव्या हाताचं बोट धरलं, पुसलं, वाळू दिलं. एकदाच टोचलं. आता काच नाही, प्लास्टिकची पट्टी आहे. तिच्यावर थेंब, मग दोन-तीन थेंब द्रावण, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. महिना नाही, पंधरा मिनिटं. आम्ही दोघं ओट्यावर पट्टी मधे ठेवून बसलो. एकच रेघ उठली. म्हणजे हिवताप नाही.

तिनं वहीत नोंद केली. मी विचारलं, याचे किती? म्हणाली, एका तपासणीचे पंधरा. मी म्हटलं, घरच्या माणसाचे देतात? ती हसली नाही. वहीचं पान उलटून नियम शोधायला लागली.