कोळसा खाण-व्यवस्थापकाची प्रमाणपत्र परीक्षा : वणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्याचा आर्थिक इतिहास म्हटला की कापूस, जंगल आणि शेतकऱ्याचे कर्ज हे तीन विषय प्रथम समोर येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे पसरलेल्या वणी परिसरात जमिनीच्या पोटात कोळसा आहे. या कोळशाबरोबर व्यावसायिक परीक्षेची एक निराळी परंपरा जिल्ह्यात आली. खाणीचा व्यवस्थापक होण्यासाठी केवळ विद्यापीठाची पदवी पुरत नाही. शासनाने घेतलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन 'कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र' मिळवावे लागते. प्रस्तुत निबंधात या प्रमाणपत्राच्या इतिहासाचा आणि वणी परिसरातील त्याच्या अर्थाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

वर्धा खोऱ्यातील कोळशाचे पद्धतशीर सर्वेक्षण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांचा या कोळसाक्षेत्रावरील ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीपलीकडील वरोरा येथे सरकारी खाण त्यापूर्वीच सुरू झाली होती. ती १९०६ मध्ये बंद पडली. अलीकडचा भाग त्या काळी वऱ्हाडातील 'वूण' जिल्ह्यात मोडत असे. १९०५ च्या पुनर्रचनेनंतर या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले.

खाणकामासाठी कायदा असावा, हा विचार भारतात अपघातांनी पुढे ढकलला. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ आणि १८९९ मध्ये बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळसा खाणीत ४७ माणसे दगावली. त्यानंतर १९०१ चा खाण कायदा आला. इंग्लंडमध्ये मात्र १८७२ च्या कायद्यानेच कोळसा खाणीच्या व्यवस्थापकास परीक्षेचे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले होते. मायदेशात जी खबरदारी अनिवार्य मानली गेली, ती वसाहतीत पोहोचण्यास इतकी वर्षे लागली, ही बाब नोंदविण्याजोगी आहे. त्यातही वऱ्हाड १९०१ मध्ये कायद्याच्या दृष्टीने निजामाचाच मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथे आपोआप लागू होत नसे. त्यासाठी स्वतंत्र आदेश काढावा लागे.

पुढे १९२३ चा आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण कायदा झाला. १९५२ च्या कायद्यातील कलम १७ नुसार प्रत्येक खाण विहित पात्रता असलेल्या एकाच व्यवस्थापकाच्या अधिकाराखाली असली पाहिजे. मालक कोणीही असो, खाणीतील जिवांची जबाबदारी या एका माणसावर येते. त्याची पात्रता कोळसा खाण विनियम, १९५७ यांनी निश्चित केली. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी मूळ चौकट कायम राहिली.

याच सुमारास घडलेली एक दुर्घटना विदर्भाच्या अभ्यासकांनी विसरू नये. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरले आणि ६३ कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी छिंदवाडा आणि यवतमाळ हे दोन्ही जिल्हे, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेश राज्यातच होते. पाणी साचलेल्या जुन्या खोदकामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीवाचून काम करू नये, असे विनियम सांगतात. परीक्षार्थी हा आकडा पाठ करतो. तो आकडा कशासाठी आहे, हे चिखलीची हकिकत वाचल्यावर कळते.

परीक्षेचे स्वरूप आणि तयारी :

ही परीक्षा खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या, म्हणजे धनबादच्या कचेरीच्या देखरेखीखाली होते. प्रथम श्रेणीच्या परीक्षेत कोळसा काढण्याच्या पद्धती, वायुवीजन व आग-स्फोट-जलप्रलय, यंत्रसामग्री, भूमापन आणि व्यवस्थापन-कायदा-सुरक्षा असे विषय येतात. खाण अभियांत्रिकीच्या मान्यताप्राप्त पदवीधराला यांतील बहुतेक विषयांत सूट मिळते; कायद्याच्या विषयात मिळत नाही. या एका तरतुदीत परीक्षेचा सारा हेतू दिसतो. कोळसा कसा काढावा हे महाविद्यालय शिकवू शकते, पण काम केव्हा थांबवावे हे उमेदवाराला ठाऊक आहे की नाही, याची खात्री शासन स्वतः करून घेते.

परीक्षेला बसण्यापूर्वी खाणीतील प्रत्यक्ष अनुभव, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि वायुपरीक्षणाचे प्रमाणपत्र हवे. यांतील वायुपरीक्षण हा भाग विशेष लक्षणीय आहे. उमेदवाराच्या हाती सुरक्षा-दिवा दिला जातो. त्याचे मूळ हम्फ्री डेव्हीच्या १८१५ मधील शोधात आहे. दिव्याची वात अगदी बारीक केली की ज्योतीवर फिकट निळसर टोपी दिसू लागते. टोपी जितकी उंच, तितके हवेतील ज्वालाग्राही वायूचे प्रमाण अधिक. हे प्रमाण १.२५ टक्क्यांवर गेले की वीज तोडावी लागते. अंधारात ती टोपी ओळखण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि तो ग्रंथ वाचून तयार होत नाही. आधुनिक उपकरणे आली तरी पिढ्यान् पिढ्या उमेदवारांची खरी कसोटी या दिव्यापाशीच लागली.

अनुभवाच्या दाखल्याची बाजू मात्र तितकी निर्मळ नाही. हा दाखला खाणीचा व्यवस्थापकच देतो. त्यामुळे उमेदवाराचे भवितव्य परीक्षकाइतकेच वरिष्ठाच्या स्वाक्षरीवर अवलंबून राहते. व्यवस्थेने अनुभवाला योग्य मान दिला, परंतु तो मोजण्याचे माप संबंधितांच्याच हाती ठेवले.

वणी परिसरातील अर्थ :

१ मे १९७३ रोजी देशातील बिगर-कोकिंग कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडियाच्या स्थापनेनंतर हा परिसर नागपूर मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आला. राजूरची जुनी भूमिगत खाण, पुढे उकणी, नायगाव, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी येथील खुल्या खाणी अशा विस्तारात शेतजमिनी गेल्या. जमिनीच्या मोबदल्यात प्रकल्पग्रस्त कुटुंबातील एखाद्यास नोकरी मिळे, ती बहुधा साध्या मजुराची. कापूस पिकविणाऱ्या घरातील हा तरुण खाणीत उतरला की त्याच्यापुढे वर जाण्याचा एकच नियमबद्ध जिना असे : प्रथम वायुपरीक्षण व प्रथमोपचार, मग मायनिंग सरदार, मग ओव्हरमन आणि जिद्द असल्यास व्यवस्थापकाची श्रेणी. प्रत्येक पायरीवर परीक्षा होती. वडिलांच्या नावचा सातबारा गेलेल्या घरात सरदारकीचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते, तेव्हा त्याचे मोल केवळ पगारवाढीने मोजता येत नाही. ज्या पुस्तकांतून अभ्यास करायचा ती इंग्रजीत आणि सोबत्यांची बोली वऱ्हाडी, ही अडचण निराळीच.

आणखी एक गुंतागुंत आहे. प्रमाणपत्रे 'अनिर्बंधित' आणि केवळ खुल्या खाणींपुरती 'निर्बंधित' अशी दोन प्रकारची असतात. वणी परिसरात खुल्या खाणी वाढल्या, तशी निर्बंधित प्रमाणपत्राची वाट अनेकांना जवळची झाली. परंतु ते असलेला माणूस भूमिगत खाणीचा व्यवस्थापक होऊ शकत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर भूमिगत अनुभवाची अटच दार बंद करून बसली होती. १९५२ च्या कायद्यातील कलम ४६ ने त्यांना भूमिगत कामास मनाई केली होती. तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी ती सशर्त शिथिल झाली जानेवारी २०१९ मध्ये. त्याआधी खाण अभियांत्रिकी शिकलेल्या मुलीला पदवी मिळे, अनिर्बंधित प्रमाणपत्राची वाट मात्र मिळत नसे.

एक तुलना :

अलीकडे अभियांत्रिकीच्या पदवीधरांत प्रकल्प-व्यवस्थापनाच्या 'पीएमपी' या प्रमाणपत्राचे आकर्षण मोठे आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने १९८४ मध्ये ही परीक्षा सुरू केली. पदवीधरास ३६ महिन्यांचा प्रकल्प-नेतृत्वाचा अनुभव आणि ३५ तासांचे शिक्षण ही तिची अट. जानेवारी २०२१ पासूनच्या स्वरूपात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे असा कस लागू झाला. दोन्ही परीक्षा अनुभव मागतात आणि दोन्ही ठिकाणी पाठांतरापेक्षा प्रसंगातील निर्णय महत्त्वाचा ठरतो. तथापि पीएमपी ऐच्छिक आहे. ती नसली तरी कोणताही प्रकल्प कायद्याने अडत नाही. ती टिकविण्यासाठी दर तीन वर्षांनी व्यावसायिक विकासाचे ६० गुण जमवावे लागतात, न जमविल्यास ती संपते. खाण-व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र निराळ्या कारणाने जाते. अकार्यक्षमता किंवा घोर निष्काळजीपणा आढळल्यास विनियमांनुसार चौकशी होते, धारकास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि त्यानंतर प्रमाणपत्र निलंबित अथवा रद्द केले जाते.