तिजोरीत सोन्याहून मोलाचे काय होते?

जुन्या तिजोरीचा विषय निघाला की सोन्याच्या गोष्टी सुरू होतात. दागिने आणि मोहरा राखण्यासाठी तिजोरी, आणि चोर व कारागीर यांची चढाओढ म्हणजे कुलपांचा इतिहास, असे सर्रास मानले जाते. भंडारदरा परिसरात सावकारांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांच्यावरही असाच दरोडेखोरीचा शिक्का बसला. तिजोरी म्हणजे सोनेच, हे मत पुराव्यापुढे टिकत नाही.

गहाण पडलेले दागिने सावकाराच्या पेटीत असत, हे मान्य. पण अकोले तालुक्याच्या डांगाणात नाचणी-वरईवर जगणाऱ्या कोळी-ठाकरांकडे गहाण टाकायला सोने ते कितीसे? त्यांच्या जमिनी गेल्या त्या कागदावरून. कर्जाचे खत लिहिणार सावकाराच्या बाजूचा माणूस. निरक्षर कुणबी सहीऐवजी खाली नांगराची निशाणी करणार. मुदत टळली की थकलेले व्याज मुदलात मिळवून नवे खत, आणि कोर्टात गेले की हुकूमनामा.

राघोजींना 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जाच थांबला नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा पेटला आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांना खते आणि हुकूमनामे हवे होते. ते मुकाट्याने हाती आले की बहुधा पुढे काही घडत नसे, असे दंग्याची चौकशी करणाऱ्या खुद्द सरकारी आयोगाने नोंदवले आहे. लुटीसाठी आलेला जमाव कागदांवर समाधान मानेल काय?

कागदाचे मोल तिजोरी बनवणाऱ्यांनाही कळत होते. लिव्हरपूलच्या मिल्नर यांनी 1840 मध्ये आगीला तोंड देणाऱ्या तिजोरीचे पेटंट घेतले. तिच्या दुहेरी भिंतींत पाणी धरून ठेवणारे क्षार असत. आच लागली की त्यांतले पाणी सुटून वाफ होई आणि आतला भाग फार तापत नसे. सोने वितळले तरी सोनेच राहते. राख होते ती कागदाची.

शेवटी सरकारनेही 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला दिला. तिजोरीची खरी ताकद कशात होती, याची ही कबुलीच होय.

म्हणून जुन्या वाड्यातली तिजोरी भंगारात काढताना आतली दप्तरे रद्दीत घालू नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला आधी दाखवा. लोखंड पुन्हा मिळेल, खत मिळणार नाही.