थर्ड पार्टी म्हणजे कोण?

अपघातानंतर लोक जे प्रश्न विचारतात, ते मोजून पाच-सहाच असतात. चूक कुणाची होती? ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, आता कंपनी पैसे देईल का? गाडी पळून गेली, दाद कुणाकडे मागायची? गेलेली बाई घरीच असायची, मग तिची भरपाई कशी काढणार? मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी करून निवृत्त झालो. टेबल सुटलं, हे प्रश्न काही सुटले नाहीत. ओळखीत कुठे अपघात झाला की फोन येतोच.

उत्तरं मी देतो. पण प्रत्येक उत्तरामागे एक इतिहास आहे आणि तो कळला की उत्तर नीट लक्षात राहतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. सवडीने वाचा.

सुरुवात थेट १८५५ पासून करावी लागते. त्याआधीच्या इंग्रजी कायद्याचा नियम ऐकून आज अंगावर काटा येतो. माणूस जखमी झाला तर तो दावा लावू शकत होता, पण मेला तर दाव्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपायचा. म्हणजे पाय मोडला तर भरपाई, जीव गेला तर घरच्यांच्या हाती काही नाही. इंग्लंडने १८४६ मध्ये हे बदललं आणि त्याच धर्तीवर १८५५ मध्ये आपल्याकडे प्राणघातक अपघातांचा कायदा आला. गेलेल्या माणसाच्या नवरा-बायकोला, आईवडिलांना, मुलांना दावा करता येऊ लागला.

हक्क मिळाला, पण पैसे कुणी द्यायचे? ज्याची चूक त्याने, स्वतःच्या खिशातून. त्याचा खिसा रिकामा असला तर निकालाचा कागद घरी ठेवून द्यायचा.

मोटारी वाढल्या तसा हा रिकामा खिसा सगळ्या जगाला टोचायला लागला. इंग्लंडने १९३० मध्ये मोटारमालकांवर विम्याची सक्ती केली. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ मध्ये झाला, पण त्यातली विम्याची सक्ती प्रत्यक्षात आली १ जुलै १९४६ पासून. मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं.

आता 'थर्ड पार्टी' या शब्दाकडे या. करारातला पहिला पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी. तिसरा कोण? ज्याला तुमच्या गाडीने उडवलं तो. त्याचं नाव पॉलिसीवर नसतं, त्याने हप्ता भरलेला नसतो, त्याची-तुमची ओळखही नसते. तरीही १९४६ च्या सक्तीने त्या अनोळखी माणसाला थेट कंपनीकडून पैसे मिळण्याचा हक्क दिला. कंपनीने काय काय सबबी सांगायच्या, तेही कायद्याने मोजून दिलं. त्या यादीबाहेरची सबब चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये स्पष्ट केलं.

'मी इतकी वर्षं हप्ता भरतोय, मला काय मिळालं?' असं लोक विचारतात, त्याचं उत्तर इथे आहे. थर्ड पार्टीचा हप्ता तुमच्यासाठी नसतोच. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असतो, आणि त्याच्या घरच्यांनी तुमच्या घरावर जप्ती आणू नये म्हणून असतो. स्वतःच्या गाडीचं नुकसान वेगळं. मालक स्वतः गाडी चालवताना गेला तर त्यासाठीचं अपघात संरक्षणही वेगळं, ते १५ लाखांचं असतं. मित्राची बाईक मागून नेली आणि आपल्याच चुकीने पडलो, तर आपण थर्ड पार्टी ठरत नाही. २००९ च्या निकालाप्रमाणे मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो.

१९५६ पर्यंत असे दावे साध्या दिवाणी कोर्टात चालायचे. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी आणि वर्षानुवर्षं तारखा. कर्ता माणूस गेलेल्या घराने आधी फी कुठून भरायची? म्हणून त्या वर्षीच्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. पुढे १९९४ मध्ये आणखी एक सोय झाली. अपघात कुठेही होवो, वारसांना ते राहतात तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. लातूरचा ड्रायव्हर गुजरातेत गेला, तर त्याच्या बायकोने सुरतेच्या खेपा घालायची गरज नाही.

चुकीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. आता रात्री दोन वाजता सुनसान रस्त्यावर ट्रकखाली आलेल्या माणसाच्या विधवेने साक्षीदार कुठून आणायचे? १९८२ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा चूक न बघता पैसे द्यायची तरतूद झाली. मृत्यूला १५ हजार, कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. पळून गेलेल्या गाड्यांसाठीही तेव्हाच निधी सुरू झाला. मृत्यूला ५ हजार, गंभीर दुखापतीला १ हजार.

आकडे फुटकळ होते, मान्य. पण 'चूक कुणाची?' याच्या आधी 'नुकसान कुणाचं झालं?' हे विचारणारं कलम आलं, ही मोठी गोष्ट होती. आज गाडी पळून गेली तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, १ एप्रिल २०२२ पासून. त्यासाठी तहसील पातळीवर अर्ज करता येतो आणि बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

लायसन्सची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. गुजरातमधलं प्रकरण. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानातून खायला आणायला उतरला. मागे क्लीनरने ट्रक हलवला आणि माणूस गेला. क्लीनरकडे लायसन्स नाही, म्हणून कंपनीने हात वर केले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं ते साधारण असं: मालकाने तर लायसन्सवाला ड्रायव्हर नेमला होता, मग अट मालकाने मोडली कुठे? कंपनीला पैसे द्यावे लागले. २००४ च्या निकालाने हे सूत्र पक्कं झालं. नुसतं 'लायसन्स नव्हतं' म्हणून भागत नाही, मालकाचा कसूर कंपनीने सिद्ध करायचा. आणि कसूर असला तरी न्यायाधिकरण सांगू शकतं की आधी वारसांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. आमच्या ऑफिसात याला 'पे अँड रिकव्हर' म्हणायचे आणि त्या फायली कुणालाच नको असायच्या.

भरपाईचा हिशोब कसा होतो, तेही लपवून ठेवण्यासारखं काही नाही. पूर्वी एकाच प्रकारच्या अपघाताला दोन जिल्ह्यांत दोन आकडे निघायचे. वकील मंडळी 'सरला वर्मा' (२००९) आणि 'प्रणय सेठी' (२०१७) म्हणतात, त्या दोन निकालांनी त्याला शिस्त लावली. उदाहरण घ्या. ३४ वर्षांचा रिक्षावाला, महिना १५ हजार कमाई. घरी बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २ लाख ५२ हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १ लाख ८९ हजार. ३४ व्या वर्षाला गुणक १६. एकूण ३० लाख २४ हजार, शिवाय अंत्यविधी वगैरेच्या ठरलेल्या रकमा वेगळ्या. कुणी दारात येऊन 'तीन लाखांत मिटवून टाकू, लगेच रोख देतो' म्हणालं, तर हा हिशोब कागदावर मांडून बघा.

आणि घरी असलेली बाई? १९९४ च्या तक्त्यात तिची किंमत नवऱ्याच्या कमाईचा एक तृतीयांश धरली होती. म्हणजे साहेबाची बायको महाग आणि हमालाची स्वस्त, काम दोघींचं तेच. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचे महिना ३ हजार धरले. २०१० मध्ये त्या एक तृतीयांशावर न्यायालयाने टीका केली, आणि २०२१ मध्ये गृहिणीच्या श्रमाचं उत्पन्न धरणं म्हणजे त्या कामाला मान देणं आहे, असं सांगितलं. तेव्हा 'ती काही कमवत नव्हती' हे वाक्य दाव्याच्या अर्जात कुणी लिहू नका. ती काय काय करायची, ते लिहा.

इथवर वाचून वाटेल, सगळं माणसाच्या बाजूनेच सरकत गेलंय. एका ठिकाणी तसं झालं नाही, आणि ते ठिकाण आपल्या महाराष्ट्रात दर हंगामाला डोळ्यांसमोर असतं.

मालवाहू गाडीत बसलेली माणसं. टेम्पोतलं वऱ्हाड, पिकअपमधून यात्रेला निघालेलं गाव, दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघालेली ट्रॉली, तिच्यात भांडीकुंडी आणि वर पोरंबाळं. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीचा स्वतःचाच निकाल फिरवला आणि सांगितलं, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस चालतो, १९९४ ची दुरुस्ती तेवढंच म्हणते. गाडीवरच्या कामगारांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं, पण ते घेणारे किती? काही खटल्यांत न्यायालयांनी कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण तो न्यायालयाने दाखवलेला कनवाळूपणा, हक्क नव्हे. बाकीच्यांचा दावा उरतो टेम्पोमालकावर, ज्याचा टेम्पोच कर्जावर असतो. म्हणजे १९४६ च्या आधीचा तोच रिकामा खिसा.

न्यायालयाने कायद्याचे शब्द वाचले, त्यात चूक काढणारा मी कोण? पण शब्द बदलायचं काम संसदेचं आहे. २०१९ ला अख्खा कायदा ढवळून काढला, तेव्हा हे करता आलं असतं. एसटी न पोचणाऱ्या वाडीतला माणूस टेम्पोत हौसेने बसत नाही. साखर कारखान्यांना मजूर आणणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी असं जादा संरक्षण सक्तीचं करणं अवघडही नाही. गळीत हंगामाच्या परवानगीबरोबर तो कागद मागायचा, झालं. आपल्या आमदार-खासदारांना हे विचारायला हवं, आणि निवडणुकीची वाट न बघता.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पॉलिसीची तारीख आजच बघा. ७५ ते १५० सीसीच्या बाईकचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ मध्ये ७१४ रुपये ठरला, कर वेगळा. विमा नसल्याचा पहिला दंड २ हजार आहे. अपघात झालाच, तर पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अहवाल द्यायचा असतो, तो गेला का हे विचारा. दावा सहा महिन्यांत लावायचा, ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. आणि मुदत उलटली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नका. जखमीला मे २०२५ च्या योजनेप्रमाणे अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळू शकतात, तेही दवाखान्यात ठासून सांगा.

आणि लग्नसराईत कुणी 'टेम्पोच सांगू, स्वस्तात पडेल' म्हणालं, तर त्याला हे वाचायला द्या.