वर्गनाम आणि भिंत : प्रवासी जहाजांच्या अंतर्रचनेचा एक विचार

आलिशान प्रवासी जहाजांच्या इतिहासात वेग, वजन आणि अपघात यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने त्यांच्या अंतर्भागाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेलेले दिसते. वस्तुतः जहाज म्हणजे एका पोलादी कवचात बंदिस्त झालेला समाज होय. त्यात कोणी कोठे बसावे, कोणत्या जिन्याने चढावे, हे आराखड्यातच ठरलेले असते. आणि ज्या शब्दांनी ते ठरते ते शब्द काळानुसार बदलत जातात. या दोन गोष्टींचा, म्हणजे भिंत आणि तिचे नाव यांचा, परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकात उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या गरीब स्थलांतरितांच्या जागेस ‘स्टिअरेज’ म्हणत. सुकाणूच्या यंत्रणेजवळची जागा हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे जागा बदलली, तरी शब्द राहिला आणि तो माणसांच्या एका थराचा वाचक झाला. याउलट वरच्या वर्गास ‘सलून’ म्हणजे दिवाणखाना या शब्दाने ओळखीत. एकाचे नाव यंत्रावरून, दुसऱ्याचे बैठकीवरून; हा भेद पुरेसा बोलका आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी वरच्या वर्गाच्या अंतर्रचनेस निश्चित वळण लागले. शार्ल मेव्हेस हा पॅरिसच्या रिट्झ हॉटेलचा (1898) वास्तुकार. हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे प्रमुख आल्बर्ट बालिन यांनी ‘अमेरिका’ (1905) या जहाजाची सजावट त्याच्याकडे सोपविली. तीवर रिट्झ-कार्लटन नावाचे स्वतंत्र उपाहारगृह उघडण्यात आले व तेथील भोजनाचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त द्यावे लागत. ही घटना लहान वाटली, तरी महत्त्वाची आहे. कारण पहिल्या वर्गाच्या आत आणखी एक वर्ग येथे जन्मास आला. मेव्हेसचा सहकारी आर्थर डेव्हिस याने पुढे ‘ॲक्विटेनिया’ (1914) सजविली. प्रवाशांना आपण जहाजावर आहोत याचा विसर पडावा, हेच सजावटीचे प्रयोजन होय, असे त्याचे स्पष्ट मत होते. ओकच्या लाकडाची कोरीव तावदाने आणि घुमटाकार काचछत यांनी समुद्र झाकला गेला.

समुद्राबरोबर खालचे प्रवासीही झाकले गेले. ‘टायटॅनिक’वर (1912) ब डेकवरील दोन सर्वांत महागड्या दालनांस स्वतःचे खासगी फिरण्याचे सज्जे होते, तर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमांनुसार वेगळे ठेवणे आवश्यक होते. रोगप्रतिबंध हे त्या नियमांचे कारण. परंतु कायद्याने मागितलेली भिंत आणि श्रीमंतांना हवी असलेली भिंत एकाच ठिकाणी उभी राहिली.

1921 व 1924 च्या अमेरिकी कायद्यांनी स्थलांतरावर कठोर मर्यादा घातल्या आणि खालच्या डेकवरील जागा ओस पडू लागल्या. तेव्हा कंपन्यांनी त्याच जागा थोड्याफार नीटनेटक्या करून विद्यार्थी, शिक्षक व सुटीस निघालेल्या मध्यमवर्गीयांना देऊ केल्या, आणि त्यांना ‘टूरिस्ट’ हे नवे नाव दिले. वरच्या टोकासही असाच फेरफार झाला. ‘क्वीन मेरी’ 1936 मध्ये निघाली तेव्हा तिच्यावर ‘पहिला वर्ग’ हे नावच नव्हते; केबिन, टूरिस्ट व तिसरा असे तीन वर्ग होते. नाव सौम्य झाले, परंतु अंतर कमी झाले नाही. केबिन वर्गातील ‘व्हरांडा ग्रिल’मध्ये जेवण्यास वेगळा आकार पडे.

अंतर्रचनेचे टोक गाठले ते 1935 साली निघालेल्या फ्रेंच ‘नॉर्मंडी’ने. तिचे भोजनगृह सुमारे 93 मीटर लांब असून एका वेळी 700 जण जेवू शकत. त्यास एकही खिडकी नव्हती. प्रकाश येई तो लालिकच्या काचेच्या दीपस्तंभांतून. एवढा अखंड अवकाश कसा साधला? सामान्यतः बॉयलरचा धूर वाहून नेणारे मार्ग जहाजाच्या मध्यातून वर जातात व दालने तुटतात. येथे ते दोन बाजूंस विभागून नेले होते. जर्मन ‘फाटरलांड’वर (1914) ही युक्ती आधीच योजलेली होती, ‘नॉर्मंडी’ने तिचे वैभवात रूपांतर केले. 1942 मध्ये न्यूयॉर्क बंदरात आग लागून हे जहाज कलंडले. त्या भोजनगृहाची दारे आज ब्रुकलिनमधील एका चर्चला आहेत.

मुंबईचा संबंध येथे ओघानेच येतो. पी. अँड ओ. कंपनीच्या ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ (1929) या जहाजाची सजावट कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप यांच्या कन्या एल्सी मॅके यांनी योजली होती. अशा जहाजांच्या दिवाणखान्यांत सेवा करणारे पुष्कळसे गोमंतकीय होते. मुंबईस धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या ‘कूडां’त राहून ते बोटीची वाट पाहत. डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडील मंडळी असत. ज्या दालनांची वर्णने आपण वाचतो ती घासूनपुसून चकचकीत ठेवणारे हात हे होते, आणि त्यांची ये-जा मात्र सेवकांच्या वेगळ्या मार्गांनी होई. आराखड्याचा इतिहास लिहिताना हे मार्ग वगळणे योग्य नव्हे.

याच प्रवासाशी ‘पॉश’ हा शब्द जोडला जातो. जाताना डावीकडील व परतताना उजवीकडील थंड केबिन मिळविणाऱ्यांच्या तिकिटावर चार आद्याक्षरे छापीत, त्यांतून हा शब्द झाला, अशी कथा आहे. तसे एकही तिकीट आढळलेले नाही, आणि ही कथा शब्दानंतर बऱ्याच काळाने, 1930 च्या दशकात, छापील दिसते. ‘छानछोकी करणारा’ हा अर्थ 1890 च्या बोलीकोशात आहे, आणि पैशासाठी असलेल्या ‘पॉश’ या बोलीशब्दाचे मूळ रोमानी भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. कथा खोटी असली, तरी ती का टिकली हे ध्यानात घेण्यासारखे आहे : जहाजावर जागा हीच प्रतिष्ठा होती, हे सर्वांस पटलेले होते.

1958 च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानसेवा सुरू झाली व वाहतुकीचे साधन म्हणून या जहाजांचे दिवस संपले. पुढचे जहाज विहारासाठी बांधणे प्राप्त झाले. ‘क्वीन एलिझाबेथ 2’चा (1969) आराखडा प्रथम तीन वर्गांचा होता, तो दोन वर्गांचा करण्यात आला, आणि विहारयात्रांत तर ती एकवर्गी असे. समता आली, असे येथे वाटावे. परंतु 1972 मध्ये तीवर ‘क्वीन्स ग्रिल’ आले, आणि केबिनच्या दरावरून भोजनगृह ठरू लागले. ‘क्वीन मेरी 2’वर (2004) ग्रिलच्या प्रवाशांस स्वतंत्र बैठक व सज्जाही आहे. ग्रिल म्हणजे मांस भाजण्याची जाळी; तिच्यावरून उपाहारगृहाचे नाव पडले आणि अखेर तो प्रवाशांच्या थराचा वाचक झाला. ‘स्टिअरेज’ शब्दाने खाली जो प्रवास केला, तोच याने वर केला. ‘एम. एस. सी. फॅन्टासिया’वरील (2008) ‘यॉट क्लब’ व ‘नॉर्वेजियन एपिक’वरील (2010) ‘हेवन’ ही त्याच मालिकेतील पुढची नावे होत.

वर्गवाचक शब्द नाहीसे झाले म्हणजे वर्ग नाहीसे झाले, हे अनुमान या इतिहासावरून टिकत नाही. शब्द लाजून मागे सरतो, तेव्हा त्याचे काम दार, जिना आणि किल्ली यांच्याकडे जाते. म्हणून सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने जाहिरातीतील नावांबरोबरच डेकचा नकाशाही वाचावयास हवा. एकाने झाकलेले पुष्कळ वेळा दुसऱ्यात उघडे दिसते.